छोटं अंग, मोठं इंजिन

मारुती झेन १९९३ साली रस्त्यावर आली तेव्हा तिच्या बॉनेटखाली ९९३ सीसीचं, ५० अश्वशक्तीचं इंजिन होतं. पुढच्या वर्षी एस्टीम आली. तिचं इंजिन १२९८ सीसीचं. सुरुवातीला ६५ अश्वशक्ती आणि पुढे कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आल्यावर ८५. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या ‘जी’ मालिकेतली, एका घराण्यातली. गॅरेजमधल्या पोरांच्या हे लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत. ठोकलेली एस्टीम विम्यात निकालात निघे, तिचं इंजिन-गिअरबॉक्स कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर येई आणि तिथून एखाद्या झेनमध्ये जाऊन बसे. जेमतेम पाऊण टनाची गाडी आणि तिच्यात ८५ घोडे. रॅली आणि ऑटोक्रॉसवाल्यांनी तर हा प्रकार नित्याचाच करून टाकला.

वसई-विरारला अशा उद्योगासाठी भूगोलच अनुकूल आहे. पूर्वेला नवघर, गोखिवरे, सातिवली, वालीव इथे छोट्या कारखान्यांचे गाळेच गाळे. लेथ, मिलिंग, वेल्डिंग सगळं हाकेच्या अंतरावर. इंजिन टेकवायचा ब्रॅकेट किंवा परका गिअरबॉक्स जोडायची ॲडॉप्टर प्लेट कुठे करून घ्यायची, हा प्रश्न इथे पडत नाही. आणि वर्सोव्याचा खाडीपूल ओलांडला की शिरसाड फाट्यापर्यंत हायवे पुढ्यात. मोह पडायला आणखी काय लागतं?

छोट्या गाडीत मोठं इंजिन टाकण्याचा हा इतिहास वरवर पाहिला तर वेगाच्या वेडाचा वाटतो. वेड होतंच, नाही असं नाही. पण माग काढत मागे गेलं की दिसतं, कुठलं इंजिन कुठे जाऊन बसलं हे वेडाने फार कमी ठरवलं. त्या त्या काळी स्वस्तात काय पडून होतं, इंधन काय भावाने मिळत होतं, कायदा कशाकडे काणाडोळा करत होता, यांनी ते ठरवलं. आणि इंजिन बसल्यावरही शेवटचा शब्द त्याचा नसे. तो चासीचा, ब्रेकचा, स्टिअरिंगचा असे.

युद्धाची शिल्लक

पहिलं महायुद्ध संपलं आणि युरोपात विमानांची इंजिनं कवडीमोल झाली. इंग्लंडमधला हौशी धनवान काउंट लुई झ्बोरोव्स्की याने युद्धापूर्वीच्या एका मर्सिडीजची चासी घेतली आणि तिच्यावर २३ लिटरचं, सहा सिलिंडरचं मायबाख विमान-इंजिन चढवलं. या गाडीचं नाव ‘चिट्टी बँग बँग’. १९२१ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतींत तिने बाजी मारली. तिला छोटी गाडी म्हणणं कठीण आहे. पण पुढच्या शंभर वर्षांची रीत तिनेच घालून दिली. एका कामासाठी बनलेलं इंजिन ते काम संपल्यावर दुसऱ्याच अंगात घालायचं आणि मूळ गाडी बनवणाऱ्याला विचारायचंही नाही.

तीसच्या दशकात हाच धागा जरा शहाणा झाला. १९३३ मध्ये ‘रेल्टन’ या इंग्रजी गाडीत अमेरिकेतल्या हडसनचं आठ सिलिंडरचं इंजिन आलं. ब्रिटनमध्ये मोटारीवरचा कर बरीच वर्षं सिलिंडरच्या व्यासावर होता, त्यामुळे तिथली इंजिनं लहान आणि चिंचोळी राहिली. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, रस्ते लांब, इंजिनं भलीमोठी. इंग्रजांची हलकी, वळणांवर चपळ गाडी आणि अमेरिकनांचं आळशी पण ताकदवान इंजिन, हा विवाह पुढे वारंवार लागला. सिडनी अलार्ड याने फोर्डचं व्ही-८ घेऊन १९३६ साली सुरुवात केली आणि १९५० साली त्याची कॅडिलॅक इंजिनाची अलार्ड ‘जे-२’ ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत तिसरी आली.

मग आली या घराण्यातली सगळ्यात नावाजलेली गाडी. ‘एसी’ ही इंग्लंडची छोटी कंपनी. तिच्या ‘एस’ या दोन आसनी गाडीत सुरुवातीला कंपनीचंच दोन लिटरचं इंजिन होतं, आणि त्याचा मूळ आराखडा जॉन वेलर यांनी १९१९ च्या सुमारास केलेला. १९५६ पासून ब्रिस्टल कंपनीचं दोन लिटरचं इंजिन मिळू लागलं. १९६१ मध्ये ब्रिस्टलने ते बनवणंच थांबवलं. गाडी उत्तम, पण इंजिन नाही, अशी एसीची अवस्था झाली.

नेमक्या त्याच वर्षी टेक्सासच्या कॅरोल शेल्बीने एसीला पत्र लिहिलं. १९५९ ची ल मां जिंकलेला हा चालक हृदयविकारामुळे शर्यतींतून बाहेर पडला होता. त्याला या गाडीत अमेरिकन व्ही-८ घालायचं होतं. फोर्डने तेव्हा पातळ भिंतींच्या ओतकामाचं एक नवं व्ही-८ काढलं होतं. लोखंडी असूनही ते वजनाला आश्चर्य वाटावं इतकं हलकं होतं. १९६२ च्या फेब्रुवारीत बिनइंजिनाची एसी लॉस एंजेलिसला पोचली आणि २६० घनइंची, म्हणजे सव्वाचार लिटरचं इंजिन तिच्यात उतरलं. ‘कोब्रा’ जन्मली. पुढे ४.७ लिटर, मग १९६५ मध्ये थेट ७ लिटर. त्याच वर्षी शेल्बीच्या चमूने फेरारीला मागे टाकून जीटी गाड्यांचं जागतिक विजेतेपद घेतलं.

पण सात लिटरच्या कोब्राची चासी जुनी राहिली नव्हती. तीन इंच व्यासाच्या नळ्यांऐवजी चार इंची नळ्या, पानपाट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग, रुंद चाकं. मोठं इंजिन छोट्या गाडीत गेलं खरं, पण थोड्याच वर्षांत त्याने ती गाडीच नव्याने बांधायला लावली. पुढे आपल्या किनाऱ्यावर हेच वेगळ्या रूपात घडलं.

घणाचे घाव

कोब्राचं यश पाहून इंग्लंडच्या रूट्स कंपनीने आपल्या ‘सनबीम अल्पाइन’ या देखण्या छोट्या गाडीत फोर्डचं तेच व्ही-८ घालायचं ठरवलं. नमुना शेल्बीकडेच करून घेतला. १९६४ मध्ये ‘सनबीम टायगर’ बाजारात आली. गाड्यांची जुळणी वेस्ट ब्रॉमिचच्या जेन्सन कारखान्यात होई. तिथे रंगवून आलेल्या बॉडीच्या मधल्या पत्र्यावर कामगार घणाचे घाव घालत, तेव्हा कुठे इंजिन आत सरके. जुनं स्टिअरिंग बॉक्स आड येत होतं, म्हणून रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंग बसवावं लागलं. शेवटचा एक स्पार्क प्लग तर बॉनेटमधून हाती लागतच नसे. त्यासाठी मधल्या पत्र्याला भोक पाडून रबरी बूच लावलेलं असे.

टायगर विकली गेली, आवडलीही. पण रूट्स हळूहळू क्रायस्लरच्या ताब्यात गेली आणि क्रायस्लरच्या गाडीत फोर्डचं इंजिन शोभेना. क्रायस्लरकडे स्वतःचं व्ही-८ होतं, पण त्याचा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला होता आणि टायगरच्या बॉनेटखाली तिथे जागाच नव्हती. १९६७ मध्ये गाडी बंद पडली. सुमारे सात हजार गाड्या बनल्यावर एका डिस्ट्रिब्युटरच्या जागेने हा वंश खुंटवला.

एमजीने दोन टोकांचे प्रयोग करून पाहिले. १९६७ मध्ये तिने एमजीबीच्या अंगात तीन लिटरचं सहा सिलिंडरी ओतीव लोखंडाचं इंजिन कोंबलं आणि ‘एमजीसी’ काढली. नाकात वजन इतकं वाढलं की गाडी वळायला कुरकुर करू लागली. समीक्षकांनी झोडपली, १९६९ मध्ये ती गुंडाळली गेली. त्याच सुमारास केन कॉस्टेलो नावाच्या इंग्रज माणसाने स्वतःच्या कारखान्यात एमजीबीमध्ये रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवलं. हे इंजिन मुळात अमेरिकेतल्या ब्यूइकचं. अमेरिकनांनी सोडून दिलं आणि रोव्हरने त्याचे हक्क घेतले. ते ॲल्युमिनियमचं. आकाराने जवळजवळ दुप्पट, पण वजनाला एमजीबीच्या मूळ चार सिलिंडरी लोखंडी इंजिनाच्या जवळपास. त्यामुळे गाडीचा तोल ढळला नाही. हे पाहून कंपनीनेच १९७३ च्या ऑगस्टमध्ये ‘एमजीबी जीटी व्ही-८’ काढली. दोन महिन्यांत अरब-इस्रायल युद्ध पेटलं, तेलाचे भाव चौपट झाले आणि १९७६ पर्यंत जेमतेम २,५९१ गाड्या बनून तीही संपली. एमजीसीला वजनाने मारलं, व्ही-८ ला पेट्रोलने.

आपल्याकडे उलटी गंगा

कॉस्टेलोने एमजीबीतून उपसून काढलेलं ते चार सिलिंडरी इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतलं होतं. त्याच मालिकेतलं १४८९ सीसीचं धाकटं इंजिन १९५९ पासून आपल्या अँबॅसडरमध्ये बसलं होतं आणि पुढची कित्येक वर्षं तिथून हललं नाही. इंग्लंडमध्ये हौशी लोक जे काढून टाकत होते, ते आपल्याकडे मिळवण्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागत होतं.

परवाना राजात आपल्या कारखान्यांनी तर ही रीतच उलटी केली. मोठ्या अंगात छोटं इंजिन! हिंदुस्थान मोटर्सने व्हॉक्सहॉलच्या ऐसपैस गाडीचे साचे आणले आणि १९८४ साली काँटेसा काढली. बॉनेटखाली तेच ५० अश्वशक्तीचं अँबॅसडरचं इंजिन. गाडीचा रुबाब पाहून लोक थांबत आणि चढावर तिच्यात बसलेलेही थांबत. इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा कुठे तिच्यात जीव आला. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने १९८५ मध्ये ‘स्टँडर्ड २०००’ आणली. ही मुळात रोव्हरची एसडी-१. इंग्लंडमध्ये तिच्या वरच्या आवृत्तीत एमजीबीमधलंच साडेतीन लिटरचं व्ही-८ होतं. मद्रासला मात्र तिच्या वाट्याला व्हॅनगार्डच्या काळातलं दोन लिटरचं म्हातारं इंजिन आलं. किंमत भारी, तेल पिण्यात पुढे, पळण्यात मागे. तीन-चार वर्षांत ती गाडीही संपली आणि कंपनीचं मोटारी बनवणंही.

मुंबईने थोडा बरा हिशोब केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ११८-एनई काढली. अंग फियाट १२४ चं, इंजिन निसानचं ११७१ सीसीचं. त्याच कंपनीच्या पद्मिनीच्या १०८९ सीसीपुढे आकडा फारसा मोठा नव्हता, पण इंजिन नव्या पिढीचं होतं, आणि पद्मिनीची सवय झालेल्या हातांना फरक लगेच जाणवे.

डिझेलचा हिशोब

खासगी गॅरेजांमध्ये इंजिन बदलायची आपल्याकडची खरी लाट वेगासाठी आली नाही, ॲव्हरेजसाठी आली. सरकार डिझेलचा भाव ठरवून पेट्रोलपेक्षा बराच खाली ठेवत असे. शेतकऱ्याचा पंप, एसटी आणि ट्रक यांच्यासाठी केलेली ही सवलत. तिचा फायदा जीपवाल्याने आणि टॅक्सीवाल्यानेही उचलला.

जीप हीसुद्धा युद्धाचीच शिल्लक. महिंद्रांनी विलीजच्या जीपची मुंबईत जुळणी सुरू केली तेव्हा तिच्यात २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. दणकट, पण पेट्रोल ढोसणारं. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर मालक लोक ‘गाडी डिझेल करून’ घेऊ लागले. महिंद्रांच्या स्वतःच्या डिझेल जीपमध्ये आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन आलं, मग ऐंशीच्या दशकात प्यूजोचं २११२ सीसीचं ‘एक्सडीपी’. हे प्यूजो इंजिन पुढे जुन्या पेट्रोल जीपमध्ये इतकं सर्रास बसलं की ते तिचं मूळचं नव्हे यावर कुणाचा विश्वास बसू नये. विक्रमगड, जव्हार, मोखाड्याच्या चढांवर टपापर्यंत भरून धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपचा संसार अशाच डिझेल इंजिनांवर चालला. तिथे सगळा भर पहिल्या-दुसऱ्या गिअरमधल्या ओढीवर. कमाल वेग कुणी विचारतही नसे.

डिझेल इंजिन बसवायचं म्हणजे नुसतं उचलून ठेवायचं नसे. ते वजनाने जड, म्हणून पुढचे पाटे वाढवायचे. त्याचे फेरे कमी, म्हणून डिफरन्शियलचं गुणोत्तर जमलं नाही तर गाडी तिसऱ्यातच दम टाकी. त्याची थरथर वेगळी, म्हणून माउंटिंगचे रबर सहा महिन्यांत तुटत. मुंबईत पद्मिनी टॅक्सीही मोठ्या प्रमाणात डिझेलवर गेल्या आणि शहराच्या फुफ्फुसांनी त्याची किंमत मोजली. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ पासून जे आदेश दिले, त्यांनी टॅक्सींना सीएनजीकडे वळवलं. ज्या टॅक्सीतून पेट्रोल इंजिन काढून डिझेल घातलं होतं, तिच्यातून डिझेल काढून पुन्हा ठिणगीवर चालणारं इंजिन आणि डिकीत सिलिंडर, असा उलटा प्रवास झाला. या पद्मिनींतली शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली.

कंपन्याही या हिशोबात मागे नव्हत्या. १९९८ साली मारुतीने झेनमध्येच प्यूजोचं १५२७ सीसीचं डिझेल इंजिन घातलं. छोट्या गाडीत दीडपट मोठं इंजिन, तेही कारखान्यातून, आरसी बुकासकट! ताकद मात्र ५० वरून जेमतेम ५७-५८ अश्वशक्तीवर गेली. हेच घराणं त्याआधी कल्याणला बनणाऱ्या प्यूजो ३०९ मध्ये येऊन गेलं होतं आणि नंतर चिंचवडच्या प्रीमियर रिओमध्येही दिसलं. पुढे २०१० मध्ये पेट्रोलचे आणि २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे भाव सरकारने मोकळे सोडले, दोन्हींतली दरी आक्रसली आणि गाडी डिझेल करून घ्यायचा धंदा आपोआप बसला.

सहा सिलिंडर

वसईत मात्र मोठं इंजिन सगळ्यात ठामपणे बसलं ते समुद्रावर. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, खोचिवडे, अर्नाळा; कुठल्याही बंदरावर जा, बोटीची ओळख सिलिंडरने दिली जाते. दोन सिलिंडर, चार सिलिंडर, सहा सिलिंडर. सहा सिलिंडर म्हणजे ट्रकच्या जातीचं इंजिन. रेडिएटर आणि पंखा काढून त्याला समुद्राच्या पाण्याने थंड करायची सोय केलेली; ट्रकच्या गिअरबॉक्सच्या जागी फेरे कमी करून पाण्यातल्या पंख्याला ताकद देणारा बोटीचा गिअर.

त्याआधी शीड होतं. डोळ जाळं खुंटांना बांधून प्रवाहात उभं राहतं, भरती-ओहोटीच्या जोराने त्यात बोंबील, जवळा, करंदी येते. पण जाळ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं ते वाऱ्याच्या मर्जीने. बोंबील हा पाणचट मासा, उन्हात लवकर खराब होणारा. वारा पडला आणि वल्ही मारत यायला उशीर झाला, तर बाजारही हुकणार आणि वलांडीवर वाळत घालायलाही माल धड राहणार नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत सरकारने मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत कर्ज आणि अनुदान देऊन होड्यांत इंजिनं बसवायला सुरुवात केली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे पीटर गुर्टनर यांच्यासारखे नौका-रचनाकार त्याच काळात भारतीय होड्यांचा अभ्यास करत होते. शिडाच्या होडीची मागची बाजू निमुळती. तिथे शाफ्टसाठी लाकूड कोरायचं, फाशांवर इंजिनाची बैठक टाकायची, आणि थरथरीने फळ्यांचे सांधे उलले की पुन्हा कापूस-राळ भरत बसायचं. टायगरच्या पत्र्यावरचे घाव इथे लाकडावर पडले.

ट्रकचंच इंजिन का? हायवे शेजारीच. त्याची रिंग, नोझल, पंप कुठेही मिळतो, आणि ते खोलणारा मेकॅनिक प्रत्येक नाक्यावर असतो. बोटीसाठी खास बनवलेल्या परदेशी इंजिनाचा एक पार्ट यायला महिना लागला, तर मोसमातला महिना बुडतो.

गंमत अशी की पाण्यावर मोठ्या इंजिनाने वेग फारसा वाढतच नाही. पाणी कापत जाणाऱ्या बोटीची मर्यादा तिच्या लांबीत असते: पाण्यात बसणाऱ्या लांबीचे फूट घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, तितके नॉट. ४९ फुटांच्या बोटीला सुमारे ९.४ नॉट, म्हणजे ताशी साडेसतरा किलोमीटरच्या आतच. त्यापुढे कितीही घोडे लावा, ते लाट उपसण्यात खर्ची पडतात. मग कोळ्याने सहा सिलिंडर कशाला घेतले? उलट्या प्रवाहात तग धरायला, बर्फाने आणि मालाने भरलेली बोट ओढायला, लांबच्या पाण्यात जाऊन लिलावाच्या वेळेला परतायला. आणि वेग हवा असेल तर बोटच लांब बांधावी लागते. म्हणून इंजिनामागोमाग बोटी लांबल्या, रुंदावल्या, खलाशी वाढले, फेऱ्या काही दिवसांच्या झाल्या. सात लिटरच्या कोब्राने चासीचं जे केलं, तेच सहा सिलिंडरने होडीचं केलं.

पल्ला वाढला तशी भांडणंही वाढली. वसई, अर्नाळा, उत्तनच्या डोळधारकांच्या कवी, म्हणजे जाळ्यांसाठी समुद्रात रोवलेले खुंट, उत्तरेला पालघर-डहाणूसमोरच्या समुद्रात गेल्या. तिथे सातपाटीकरांची पापलेटची दालदी जाळी. कवींचा हा वाद आजही मिटलेला नाही. दोन्हीकडे आपापल्या हक्काची बाजू आहे. शिडाच्या काळात हा प्रश्न उभा राहिला नसता, कारण तिथवर रोज जाणं-येणंच परवडलं नसतं. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा, १ जून ते ३१ जुलैची बंदी, डिझेलवरच्या कराचा परतावा आणि तो थकला म्हणून होणारे मोर्चे, यातलं बहुतेक सगळं बोटीतल्या इंजिनाभोवती फिरतं.

कलम ५२

रस्त्यावर कायद्याने जास्त कडक पाऊल उचललं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार पूर्वी परवानगी काढून बरेच बदल करता येत. २००० च्या दुरुस्तीने ती वाट अरुंद केली: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नाही, सवलत मुख्यतः सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा वेगळ्या इंधनासाठी. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्यामुळे झेनमध्ये एस्टीमचं इंजिन सापडलं तर गाडी आरटीओच्या लेखी दोषी ठरतेच. शिवाय अपघात झाला आणि बदल कळवलेला नसला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. जुनी गाडी घेताना आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी पडताळून पाहावा तो याचसाठी.

नव्या गाड्यांत तर नट-बोल्ट जुळले तरी काम होत नाही. इंजिनाचा कंट्रोलर, चावीतला इमोबिलायझर, एबीएस हे एकमेकांशी सतत संदेशांनी बोलत असतात. परकं इंजिन आलं की गाडी स्टार्टच होत नाही. कार्ब्युरेटरच्या काळात हा सगळा प्रश्न एका ॲक्सिलरेटरच्या तारेचा होता. आता हौशी मंडळी अशा गाड्या ट्रेलरवर चढवून शर्यतीच्या ठिकाणी नेतात. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यतींत वाढीव ताकदीच्या जुन्या मारुतींनी धूर काढला आहे. अशा शर्यतींत आयोजकांची सुरक्षा तपासणी लागते.

कायद्याने एक दार मात्र उघडं ठेवलं आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासलेला इलेक्ट्रिक संच जुन्या गाडीत बसवता येतो आणि तशी नोंद आरसीवर होते. मोटर इंजिनापेक्षा लहान असते. जड असते ती बॅटरी. एमजीसीला नाकातल्या वजनाने बुडवलं, तोच प्रश्न इथे पुन्हा येतो. बॅटरी कुठे ठेवायची, ब्रेकवर किती भार येणार, मागचे पाटे किती वाढवायचे? आज हे संच महाग आहेत, म्हणून प्रसार बेताचा. पण झेनसाठी एस्टीमची इंजिनं आली तशीच अपघातात निकालात निघालेल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारी आणि बॅटऱ्या उद्या भंगारबाजारात ढिगाने येतील. तेव्हा वालीवच्या गाळ्यांत त्यांच्यासाठी ब्रॅकेट कापले जाणार, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की भंगारातली बॅटरी तपासून मान्यता देण्याची सोय तोवर झालेली असेल की नाही. ती झाली तर हा उद्योग उजेडात वाढेल. नाही झाली तरी वाढेलच, फक्त आरसीवर त्याची नोंद नसेल.